कोड नीटनेटका केला की टायमर थांबतो: एपिकच्या सेटअपमधली दर वेळी उगवणारी अडचण

एपिक म्हणजे इंटरप्ट कंट्रोलर, हार्डवेअरचे इशारे (इंटरप्ट) सीपीयूकडे पोचवणारा भाग. त्याचा सेटअप कोड कुणी आवरायला घेतला की आमच्याकडे ठरलेली तक्रार येते. मशीन बूट होताना मध्येच थांबते, स्क्रीनवर शेवटची ओळ टायमर कॅलिब्रेशनची असते, पुढे काही नाही. बदल मागे घेतला की चालू. मग काही महिन्यांनी दुसरं कुणीतरी तीच फाइल उघडतं, एकसारखे दिसणारे दोन तुकडे त्याच्या डोळ्यात खुपतात, तो ते एकत्र करतो आणि गाडी पुन्हा तिथेच अडते. टीममध्ये माणसं बदलत राहतात, म्हणून कारणं एका जागी लिहून ठेवतोय.

थोडी पार्श्वभूमी. आम्ही वाळूजला बसतो. लातूरच्या डाळमिलमध्ये रंग बघून डाळ निवडणाऱ्या मशीन असतात, त्यांच्या आतल्या इंडस्ट्रियल पीसीवर आमचा छोटा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) चालतो. बोर्ड दोन पिढ्यांचे आहेत. जुने ३२-बिट, ज्यांच्यात एसीपीआयचं टेबल (फर्मवेअरने दिलेली हार्डवेअरची माहिती) अर्धवट असतं किंवा नसतंच; आणि नवे ६४-बिट. कोडही त्यामुळे दोन फाइलींत वाढला. हे दुखणं आमचं एकट्याचं नाही. लिनक्समध्येही दोन्ही आर्किटेक्चरचा कोड वेगवेगळ्या डिरेक्टरीत होता. जानेवारी २००८ मध्ये आलेल्या २.६.२४ मध्ये त्यांची डिरेक्टरी एक झाली, पण एपिकच्या ३२ आणि ६४ अशा दोन फाइली त्यानंतरही काही काळ शेजारी-शेजारी नांदल्या. जे तुकडे सहज जुळले नाहीत, ते का जुळले नाहीत हा प्रश्न विचारायला हवा.

माझं म्हणणं एवढंच आहे: या कोडमध्ये ओळींचा क्रम हाच अर्धा कोड आहे. फंक्शन सारखी दिसतात, रजिस्टरं तीच असतात, पण आधी काय लिहिलं यावर नंतरच्या लिहिण्याचा परिणाम ठरतो. कंपायलर याबद्दल एक अक्षर बोलत नाही.

आधी बघा, थांबली कशी

मिलमधून फोन आला तेव्हा ऑपरेटर म्हणाला, "सर, बटन बंद करून जरा दम खाऊ द्यायचा, मग चालू होती बघा." ऑफिसात यावर हसणारे होते. खरं तर अख्ख्या तपासातली सगळ्यात कामाची माहिती हीच होती. वीज तोडून परत दिली की चालते, याचा अर्थ रिसेटनंतरच्या कोऱ्या अवस्थेतून सुरुवात झाली तर सेटअप बरोबर आहे. आधीच्या कर्नलने काहीतरी मागे सोडलेलं असेल तरच तो फसतो.

आमचा कर्नल कोसळला की बायोसमधून न जाता थेट दुसऱ्या कर्नलमध्ये उडी मारतो, लिनक्समधल्या केडंपसारखा. बायोस कॅमेरा कार्डं शोधत बसतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत तुरीची आवक जोरात असताना तेवढा वेळ पट्टा थांबवणं मालकाला परवडत नाही. म्हणून पहिला प्रश्न कायम हाच: पॉवर-ऑनलाही थांबते, की फक्त उडी मारून आल्यावर? दोन्हींची कारणं वेगळी आहेत, ती एकत्र शोधायला गेलात तर दिवस जाईल.

फक्त उडीनंतर थांबत असेल तर

लोकल एपिकचं (प्रत्येक कोअरच्या स्वतःच्या एपिकचं) इन-सर्व्हिस रजिस्टर वाचा, हाताळणं सुरू झालेले पण न संपलेले इंटरप्ट त्यात दिसतात. २५६ व्हेक्टर (इंटरप्टचे क्रमांक), म्हणून ३२ बिटची आठ रजिस्टरं, हेक्स १०० पासून १७० पर्यंत. आमच्या केसमध्ये १४० वर २ सापडले. १४० वरचं रजिस्टर व्हेक्टर हेक्स ८० ते ९एफ यांचं, त्यातला बिट १ म्हणजे व्हेक्टर ८१. तो कॅमेरा कार्डाचा. पहिला कर्नल त्याच इंटरप्टच्या हँडलरमध्ये असताना कोसळला, ईओआय (इंटरप्ट संपल्याचा निरोप) द्यायचं राहून गेलं आणि तो बिट चढलेलाच राहिला. लगेच ए० वरचं प्रोसेसर प्रायॉरिटी रजिस्टर वाचलं, तर तिथे ८०. म्हणजे आठव्या वर्गातले आणि त्याखालचे सगळे व्हेक्टर अडवलेले. आमच्या टायमरचा व्हेक्टर ३०. तो आयआरआरमध्ये (आलेल्या पण सीपीयूने न घेतलेल्या इंटरप्टच्या रांगेत) येऊन बसतो, पण सीपीयूपर्यंत पोचत नाही. कॅलिब्रेशनचा लूप टिकची वाट बघत बसतो.

जुन्या ३२-बिट फाइलमध्ये यावर एक लूप होता: चढलेला प्रत्येक बिट बघायचा आणि तेवढे ईओआय द्यायचे. ६४-बिट फाइलमध्ये तो नव्हता. एकत्र करताना 'हे कशासाठी आहे कळत नाही' अशा शेऱ्यासह तो काढला गेला. लिनक्सच्या लोकल एपिक सेटअपमध्येही हेच काम करणारा तुकडा आहे आणि त्याच्यावरची टिप्पणी सरळ क्रॅशनंतरच्या स्थितीचंच नाव घेते. तो ठेवाच.

दोन गोष्टी यात लोक विसरतात. एक, आयआरआरमधले बिट ईओआयने जात नाहीत. ते इंटरप्ट चालू केल्यावर येणारच, म्हणून रिकाम्या व्हेक्टरांवरही हँडलर हवा. त्याने इन-सर्व्हिस बिट तपासावा, चढलेला असेल तरच ईओआय द्यावं. खऱ्या स्प्युरियस (कारण नसताना आलेल्या) इंटरप्टला ईओआय द्यायचं नसतं. दुसरी गोष्ट, लोकल एपिक सॉफ्टवेअरने बंद करून पुन्हा चालू केलं म्हणजे पाटी कोरी झाली असं नाही. त्याने एलव्हीटी, म्हणजे लोकल एपिकच्या स्वतःच्या इंटरप्टची सेटिंग रजिस्टरं, मास्क (बंद) होतात. आयआरआर आणि इन-सर्व्हिसमधले बिट तसेच राहतात.

आयओ-एपिकच्या, म्हणजे बाहेरच्या उपकरणांचे इंटरप्ट गोळा करणाऱ्या एपिकच्या, बाजूलाही असंच एक भूत असतं. लेव्हल ट्रिगरच्या (सिग्नल चढलेला असेपर्यंत इंटरप्ट मागणाऱ्या) पिनचा रिमोट आयआरआर बिट चढलेला राहिला तर ती लाईन पुन्हा कधीच इंटरप्ट देत नाही. हेक्स २० च्या आधीच्या आवृत्तीच्या आयओ-एपिकला स्वतःचं ईओआय रजिस्टर नाही. तिथे पिन मास्क करून एज मोडवर (सिग्नल बदलताच एकदाच इंटरप्ट) न्यायची आणि परत लेव्हलवर आणायची, मग बिट उतरतो. आवरायला बसलेल्या माणसाला या दोन ओळी एकमेकींना खोडणाऱ्या वाटतात, म्हणून त्या पहिल्या कात्रीत जातात.

लिहिले ७००, वाचले १०७००

पॉवर-ऑनलाही थांबत असेल तर लिंट-झिरो या लोकल एपिकच्या इनपुट पिनेची एलव्हीटी बघा, पत्ता हेक्स ३५०. जुन्या बोर्डवर ८२५९ चा (एपिकच्या आधीच्या इंटरप्ट कंट्रोलरचा) सिग्नल इथून सीपीयूकडे येतो. त्यासाठी डिलिव्हरी मोड एक्स्ट-इंट (व्हेक्टर ८२५९ लाच विचारायचा) लागतो, म्हणजे हेक्स ७००. कोडमध्ये ७०० लिहिलेले स्पष्ट दिसतात. रजिस्टर वाचलं तर १०७००. बिट १६, मास्क, आपोआप चढलेला.

कारण असं: स्प्युरियस व्हेक्टर रजिस्टरमधला, म्हणजे एफ० वरचा, बिट ८ चढवलेला नसेल तोवर एपिक सॉफ्टवेअरच्या दृष्टीने बंद असतं. त्या अवस्थेत सगळ्या एलव्हीटींचे मास्क चढलेले राहतात आणि ते उतरवायचा प्रयत्न हार्डवेअर गुपचूप सोडून देतं. एरर नाही, काही नाही. रिफॅक्टरिंग करताना कुणीतरी सगळ्या एलव्हीटींचं एक सुटसुटीत फंक्शन करतो, एपिक चालू करण्याचं दुसरं करतो आणि 'आधी सगळं भरू, मग चालू करू' अशा सरळ विचाराने त्यांना त्या क्रमाने लावतो. एरवी हा विचार शहाणपणाचाच आहे. इथे तो चालत नाही.

एमुलेटरवर हे सापडेल यावर विसंबू नका. केव्हीएम (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) हा नियम पाळतं. दुसऱ्या एखाद्या एमुलेटरवर बदल चालला आणि बोर्डवर नाही, तर शंका इथून सुरू करा.

याच्याच उलट्या बाजूचीही एक चूक होते. सेटअपच्या सुरुवातीला एपिक सॉफ्ट-डिसेबल करणं चांगलंच. लिनक्सने २०१९ मध्ये ते जाणूनबुजून आणलं, कारण फर्मवेअरने किंवा आधीच्या कर्नलने उघडी ठेवलेली एखादी एलव्हीटी सेटअपने हात न लावता तशीच राहून जायची. पण ही ओळ सुरुवातीलाच हवी. 'रिसेट' नावाच्या मदतनीस फंक्शनमध्ये ती टाकून ते फंक्शन मधूनच कुठून तरी बोलावलं, तर पेरून झाल्यावर वखर फिरवल्यासारखं होतं. शिवाय फर्मवेअरने लिंट-झिरो उघडा ठेवला होता का, यावरून तुमचा कोड पुढचा निर्णय घेत असेल तर ती किंमत सॉफ्ट-डिसेबलच्या आधी वाचून ठेवा. नंतर सगळीकडे मास्कच दिसणार.

दुसऱ्या कोअरला पहिल्याची नक्कल

बूट करणाऱ्या कोअरचा सेटअप आणि बाकीच्या कोअरांचा सेटअप यांत बहुतेक ओळी सारख्या असतात. फरक असतो एका अटीचा: 'हा पहिला कोअर आहे का?' एकत्रीकरणात ती अट गळते आणि लिंट-झिरो सगळ्याच कोअरांवर एक्स्ट-इंट म्हणून उघडा राहतो. इंटेलच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट आहे की सिस्टिममध्ये एकाच प्रोसेसरची एलव्हीटी एक्स्ट-इंटवर असावी.

लक्षण फसवं असतं, कारण मशीन बूट होते. चालतेही. फक्त आयआरक्यू ७ ची (८२५९ च्या ७ क्रमांकाच्या इंटरप्ट लाईनची) मोजणी विनाकारण वाढत जाते. ८२५९ ने सिग्नल दिला की दोन कोअर व्हेक्टर विचारायला धावतात. एकाला खरा मिळतो. दुसरा विचारेपर्यंत रांगेत काही उरलेलं नसतं, म्हणून ८२५९ त्याला स्प्युरियस म्हणून सातवा देऊन टाकतो. प्रिंटर पोर्टवर काहीच जोडलेलं नसताना सातव्यावर इंटरप्ट दिसले तर केबल बदलत बसू नका. हेक्स २० पोर्टवर ०बी लिहा, तोच पोर्ट वाचा, बिट ७ चढलेला नसेल तर तो खोटा इंटरप्ट. खोट्या सातव्याला ईओआय देऊ नका. स्लेव्हकडून (मास्टरला जोडलेल्या दुसऱ्या ८२५९ कडून) खोटा पंधरावा आला तर मात्र मास्टरला ईओआय द्यावंच लागतं, कारण मास्टरच्या दृष्टीने आयआरक्यू २ खरोखरच आलेला असतो. या दोन शाखा 'सारख्याच आहेत' म्हणून एक केल्या की आणखी एक आठवडा गेला समजा.

बंद करतानाचा क्रम

सेटअपकडे सगळ्यांचं लक्ष असतं, बंद करण्याकडे नसतं. उडी मारून दुसऱ्या कर्नलमध्ये जायचं तर जाताना तीन कामं करावी लागतात: आयओ-एपिकच्या पिना मोकळ्या करणं, लोकल एपिक बंद करणं आणि बूटच्या वेळचा मोड, बहुधा व्हर्च्युअल वायर (८२५९ चे इंटरप्ट एपिकमधून तसेच सीपीयूकडे), परत बसवणं.

लिनक्समध्ये पहिलं आणि तिसरं काम एकाच फंक्शनच्या पोटात होतं. एका प्रोसेसर एराटावर (चिपमधल्या नोंदलेल्या दोषावर) उपाय म्हणून ते फंक्शन लोकल एपिक बंद करण्याच्या आधी आणलं. एराटाचं काम झालं, पण आधी नीट बसवलेला व्हर्च्युअल वायर मोड पाठोपाठच्या लोकल एपिकच्या शटडाउनने पुसून टाकला. दुसरा कर्नल उठला की लोकल एपिकच्या सेटअपमध्ये वॉर्निंग छापायचा. २०१८ मध्ये दुरुस्ती झाली ती त्या फंक्शनचे दोन तुकडे करून: मोकळं करणं आधी, मोड परत आणणं सगळ्यात शेवटी. रिफॅक्टरिंगचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण हेच, आणि त्यात कोड कमी झाला नाही, वाढला.

चावणाऱ्या बारीक गोष्टी

एररची एलव्हीटी, ३७०, सगळ्यात आधी मास्क करा. व्हेक्टर शून्य असलेली दुसरी कुठलीही एलव्हीटी मास्क करायला गेलात तर तेवढ्यानेही एपिक एरर उठू शकते. वर्णानुक्रमे किंवा पत्त्याच्या क्रमाने लूप लावायचा मोह होतो, लावू नका. एरर स्टेटस रजिस्टर वाचण्याआधी त्यात लिहावं लागतं, नाहीतर जुनीच किंमत दिसते. 'वाचण्याआधी शून्य कशाला लिहिलंय' असं म्हणून ती ओळ उडवणारे मी पाहिलेत.

टास्क प्रायॉरिटी शून्य ठेवू नका, हेक्स १० ठेवा. १६ ते ३१ हे व्हेक्टर एपिकच्या लेखी वैध आहेत, सीपीयूच्या लेखी मात्र ते अपवादांचे. असा एखादा इंटरप्ट आला तर कर्नलला तो एक्सेप्शन वाटतो आणि स्टॅकचा अर्थच बदलतो.

टायमर आयओ-एपिकच्या शून्य पिनेवर असेलच असं नाही. बहुतेक पीसींवर एसीपीआयच्या टेबलात आयआरक्यू ० ला जीएसआय २ वर, म्हणजे पिन २ वर, नेणारी ओव्हरराइड नोंद असते. टेबल वाचायच्या आधीच पिन बसवणारं फंक्शन वर सरकलं तर टिक येणार नाही.

एक्स२एपिक (एपिकचा नवा मोड) असेल तर एमएसआरने (सीपीयूच्या खास रजिस्टरांनी) बोलायचं, रजिस्टरं ८०० पासून. लॉजिकल डेस्टिनेशन रजिस्टर तिथे फक्त वाचायचं, लिहिलं तर जनरल प्रोटेक्शन फॉल्ट. एक्स२एपिकमधून साध्या एक्सएपिकमध्ये थेट परत येता येत नाही, आधी १बी वरच्या एमएसआरमधून एपिक पूर्ण बंद करावं लागतं. समान इंटरफेस करताना हे फरक खालच्या थरात ठेवा, वरच्या फंक्शनमध्ये 'जर-तर' पेरू नका.

आम्ही आता कोड कसा हलवतो

कोडला हात लावण्याआधी रजिस्टरांची नोंद घेतो: एफ०, टास्क आणि प्रोसेसर प्रायॉरिटी, सगळ्या एलव्हीटी, तिन्ही २५६-बिट रांगा (इन-सर्व्हिस, आयआरआर, ट्रिगर मोड), आयओ-एपिकच्या सगळ्या नोंदी. प्रत्येक कोअरवर, सेटअपच्या आत शिरताना आणि बाहेर पडताना. ती प्रत्येक पिढीच्या बोर्डवर तीन प्रकारे घेतो: वीज तोडून, साध्या रीस्टार्टने आणि मुद्दाम कोसळवून उडी मारून. बदलानंतर हीच नोंद पुन्हा घेऊन फरक बघतो. एका बिटाचाही फरक असेल तर तो का, हे कमिटच्या संदेशात लिहायला लागतं. मुद्दाम कोसळवताना इंटरप्ट हँडलरच्या आतून कोसळवा. बाहेरून कोसळवलं तर इन-सर्व्हिस बिट रिकामे असतात आणि वर सांगितलेली निम्मी दुखणी दिसतच नाहीत. आमच्या परभणीच्या पोराने त्यासाठी कॅमेरा कार्डाच्या हँडलरमध्ये एक चोरटा स्विच ठेवलाय, फक्त चाचणीच्या बिल्डमध्ये चालतो.

कमिट वेगळे ठेवा. फाइल हलवण्याचा एक, नावं बदलण्याचा एक, अटी एकत्र करण्याचा एक. क्रम बदलायचाच असेल तर त्याचा स्वतंत्र कमिट, त्यात दुसरं काहीही नाही. बायसेक्ट (कुठल्या कमिटने बिघडलं ते निम्मे-निम्मे करत शोधणं) केल्यावर 'सफाई' नावाच्या आठशे ओळींच्या कमिटवर बोट ठेवून काय कळणार?

आणि मोड एकदाच ठरवा. ८२५९ एकटा, व्हर्च्युअल वायर, की सिमेट्रिक आयओ (इंटरप्ट आयओ-एपिकमधून), हे आमच्याकडे चार ठिकाणी चार वेगवेगळ्या अटींनी तपासलं जात होतं. लिनक्सने ४.१५ मध्ये हा निर्णय एका फंक्शनमध्ये आणला: मोड आधी निवडायचा, मग त्याप्रमाणे एकाच जागी सेटअप करायचा. आम्ही तेच उचललं. खरं रिफॅक्टरिंग म्हणायचं तर हेच. सारख्या दिसणाऱ्या ओळी चिकटवणं तेवढं महत्त्वाचं नव्हतं.

जुन्या शाखेचं काय

आमच्या ३२-बिट फाइलमध्ये ८२४८९डीएक्ससाठी वेगळ्या शाखा होत्या. हे ४८६ च्या काळातलं, सीपीयूच्या बाहेर बसणारं एपिक. आवृत्ती रजिस्टर, पत्ता ३०, यातल्या खालच्या बाइटमध्ये ०एक्स असेल तर ते, १एक्स असेल तर सीपीयूच्या आतलं. लिंट-वनच्या एलव्हीटीला तिथे लेव्हल ट्रिगरचा बिट वेगळा द्यावा लागतो आणि एरर स्टेटस रजिस्टरचा उपयोग लिनक्स त्याच्यावर करतच नाही. लातूर, जालना, नांदेड, कुठल्याही मिलमध्ये आमचा असा बोर्ड नाही, म्हणून त्या शाखा काढल्या. काढण्याआधी सेटअपच्या तोंडाशी आवृत्ती तपासून बाहेरचं एपिक दिसलं तर स्पष्ट संदेश देऊन थांबणारी एक ओळ टाकली. तुमच्या गोदामात तसा बोर्ड असेल तर आमचा हा पॅच घेऊ नका, बाकीचे चालतील.